लेप्यावर उचललेला भंडारा

मांडवगण फराट्याच्या गेणबा कोळप्यानं जन्मात एकच मोठी चूक केली, आणि तीसुद्धा माशापायी. माणसं बांधावरून देवाचा भंडारा उचलून शपथ घेतात, चोरीच्या आळापायी उचलतात, सोयरिकीच्या भांडणात उचलतात. पण ज्या घरात मटण सोडून दुसरं कसलं कालवण कधी चुलीवर चढलं नाही, त्या घरच्या धनगरानं माशावरून देवाच्या पायावरचा भंडारा उचलावा, याला काय म्हणावं! त्याची बायको म्हाळसा तर कपाळावर हात मारून म्हणायची, "आमच्या ह्यांचं सगळं जगायेगळंच."

झालं ते असं. एकोणनव्वद सालची बिरोबाची यात्रा. गेणबानं ओव्या म्हटल्या होत्या आणि इनामगावच्या बिरदेवानं ढोल वाजवला होता. बिरदेव म्हणजे म्हाळसाचा धाकटा भाऊ, गेणबाचा मेव्हणा. ही जोडी उभी राहिली की चार गावचे लोक पुढ्यातलं ताट सोडून यायचे. ओव्या संपल्या, मंडळी लिंबाखाली टेकली, चहा आला आणि बोलणं कोकणावर गेलं. तरुणपणी गेणबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, तिकडच्या भातखाचरात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पावसाच्या आत माघारी यायचा. तिकडचं एक तरी नवल सांगितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

"खाडीच्या तोंडाला ओहोटीच्या पाण्यात पाय धुवाय गेलो," तो म्हणाला. "गुडघाभर पानी, खाली नुसती वाळू. दोन पावलं टाकली आन् पायाखालची वाळू उठून पळाली! म्या बोंबललो. तिथं एक कोळीण हुती, ती पोट धरून हसली. पायानंच चाचपत गेली, टाचंखाली कायतरी दाबलं आन् हात घालून वर काढलं. म्हनली, दादा, ह्यो लेपा. जिभंवानी चपटा मासा. वरनं वाळूचा रंग, खालनं पांढराफेक. तळाला पडून ऱ्हातो, अंगावर वाळू वढून घेतो. आन् दोन्ही डोळं एकाच अंगाला!"

"एकाच अंगाला?" बिरदेवानं बशी खाली ठेवली. "दाजी, थापंलाबी कायतरी ताळतंत्र असावं. दोन्ही डोळं एकीकडं आसलं कोकरू निपजलं, तर कोल्हाबी त्येला तोंड लावायचा न्हाई."

लिंबाखाली हशा पिकला. गेणबा तापट. तो ताडकन उठला, देवापुढं गेला, चिमूटभर भंडारा उचलून कपाळाला लावला, जिभेवर टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्या डोळ्यांनी बघितलंय. खोटं आसंल तर बिरोबानं माझा गळा घ्यावा!"

आणि दोन महिन्यांत गेणबाचा गळा गेला की हो! पावसाळी सर्दी ती, कुणालाही होते. पण महिनाभर त्याच्या तोंडून चिमणीएवढाही आवाज निघेना. मग काय, गावाला कोलीत मिळालं. ज्याला त्याला बिरोबानं निकाल दिलेला दिसायला लागला. म्हाळसा तर भेदरून गेली. एका सकाळी तिनं देवापुढं जाऊन पदर पसरला, "ह्यांचं खोटं पदरात घे रं बाबा. म्या आइतवार धरते." तेव्हापासून दर रविवारी ती दिवसभर कोऱ्या चहावर राहायची.

गळा महिन्यात सुटला. गेणबा मात्र गायला नाही. त्या साली नाही, पुढच्या साली नाही, बारा वर्षं नाही. लोक म्हणायचे, देवानं गळा नेला. म्हाळसाला ठाऊक होतं की गळा जाग्यावर आहे, कारण पाटाच्या त्या टोकावरून गेणबानं म्हशीला हाक मारली की घरातली भांडी वाजायची. तिनं मनाशी धरलं होतं की गावानं हसून हसून आपल्या माणसाचं तोंड बंद केलं. गावाचा तिला असा राग यायचा की काही विचारू नका. लग्न करून आली तेव्हा पहिल्या रात्री ती नवऱ्याच्या तोंडाकडं पाहायची लाजली होती, पण त्याच्या ओव्या ऐकून हे घर तिला आपलं वाटलं होतं. मरायच्या आत तो गळा एकदा ऐकायचा, एवढंच तिचं मागणं होतं. आणि गेणबाला कितीही विनवलं तरी तो एकच बोलायचा, "ऱ्हाऊ दे गं."

मेंढरं केव्हाच विकली होती. वावरात ऊस आला, कांदा आला, घरात टीव्ही आला, सून आली. दोन हजार एक साल उजाडलं.

यात्रेच्या आधीच्या रविवारी म्हाळसा सुनेला, साधनाला घेऊन दौंडच्या बाजारात गेली. पाव्हण्यारावळ्यांना टॉवेल-टोप्या घ्यायच्या होत्या. खरेदी उरकली आणि वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जिपेकडं जायचा जवळचा रस्ता म्हणून साधनानं सासूला मासळीच्या गल्लीत घातलं. म्हाळसानं नाकाला पदर लावला आणि उपाशीपोटी झपझप चालायला लागली. तेवढ्यात बाजूनं आरोळी आली, "लेपा घ्या, लेपा! ताजा लेपा!"

म्हाळसा थांबली. मागून येणारी बाई तिच्यावर आदळली, तरी ती हलली नाही. बारा वर्षं तिची समजूत होती की मासाच नव्हे, तर माशाचं हे नावसुद्धा आपल्या नवऱ्यानं बसल्या जागी रचलंय.

आरोळी देणारी गिताबाई भोईण होती. पाटीत नदीचे मरळ नि चिलापी, आणि एका कडेला बर्फावर चार चपटे, सोललेले, मुंडकं नसलेले मासे. म्हाळसा पाटीपुढं उकिडवी बसली.

"बाई, ह्यो लेपा?"

"व्हय, लेपा. पुण्यास्नं येतो, गाडीला. समिंदराचा हाय. घ्या, काटा कमी."

"ह्येचं डोळं कुठं असत्यात?"

गिताबाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. असलं गिऱ्हाईक तिच्या जन्मात आलं नव्हतं. "डोळं खायचं हायेत व्हय तुला? हायेत की. दोन्ही एकाच अंगाला आसत्यात मुडद्याचं."

"परत बोल."

"अगं, दोन्ही डोळं एका अंगाला, आन् दुसरं अंग कोरं पांढरं. म्हनून तर सकाळीच मुंडकी काढून कातडं सोलून आणते. आसलं त्वांड बघितलं की दौंडचं गिऱ्हाईक पळून जातंय."

म्हाळसा खालीच बसली, त्या चिखलात, नवं लुगडं नेसून. साधना घाबरली. "आत्या, चक्कर आली व्हय? तरी म्या म्हनत हुते, उपाशीपोटी बाजाराला येऊ नगा." पण म्हाळसाला चक्कर आली नव्हती. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि आधी काय करावं ते कळत नव्हतं. नवरा खरं बोलला होता. बारा वर्षं खरा माणूस आपल्या शेजारी जेवत होता आणि आपण त्याच्या खोट्याची माफी मागत बसलो होतो.

"मुंडकी कुठं हायेत?" तिनं विचारलं.

"मांजरांनी खाल्ली असतील आता."

म्हाळसा उठली आणि गल्लीच्या टोकाला जिथं मांजरं होती तिथं चक्क शोधायला निघाली. साधनानं तिला हाताला धरून माघारी आणलं. शेवटी असं ठरलं की पुढच्या रविवारी, यात्रेदिवशीच, गिताबाईनं एक लेपा मुंडक्यासकट, कातड्यासकट, जसा समुद्रातून आला तसा ठेवायचा.

"काय करनार गं आख्ख्या लेप्याचं?" गिताबाईनं विचारलं.

"गावाच्या तोंडावर मारनार हाय," म्हाळसा म्हणाली.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. गेणबाला सांगावं म्हणून दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. नुसतं सांगून काय उपयोग? बोलण्यानं झालेलं भांडण बोलण्यानं मिटायचं नाही, मासा हातात पाहिजे. आणि खरं सांगायचं तर तिला लाजही वाटत होती. दूध उतू गेलं, कालवणात दोनदा मीठ पडलं. गेणबानं ते गुमान खाल्लं आणि सुनेला हळूच विचारलं, "तुझ्या आत्याला झालंय काय?" साधना तोंडाला पदर लावून आत पळाली.

रविवारी पहिल्या जिपेनं म्हाळसा दौंडला पोचली. गिताबाईनं तिला लांबूनच पाहिलं आणि जीभ चावली.

"मावशे, रागवू नगंस. हाताला सवय गं. तीन कापलं आन् मग तुझं त्वांड आठवलं."

"आन् चवथा?"

गिताबाईनं गोणपाट उचललं. बर्फावर चौथा पडला होता, वीत-दीड वीत लांब, वाळूच्या रंगाचा. ज्वारीच्या दाण्याएवढे दोन डोळे एकमेकांना चिकटून, दोन्ही एकाच बाजूला. तोंड असं वाकडं की जणू कुणी तरी त्याला नको तो प्रश्न विचारला होता. म्हाळसानं त्याच्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आयुष्यात पहिल्यांदाच गिताबाईनं कुणाला माशाची दृष्ट काढताना पाहिलं.

स्टीलच्या मोठ्या डब्यात बर्फ, बर्फात लेपा, वरून झाकण, झाकणावर फडकं. जिपेत चौदा माणसं कोंबलेली. भीमेचा पूल ओलांडेपर्यंत वास सुटला. एक पांढऱ्या टोपीवाला आप्पा नाक दाबून म्हणाला, "कुनाचं काय मेलंय गं बायांनो?"

"देवाचं हाय, गप बसा," म्हाळसा म्हणाली. आप्पानं मुकाट्यानं डब्याला हात जोडले.

माळावर यात्रा भरली होती. देवळापुढं नवा मंडप बांधायला काढला होता, म्हणून भीमेच्या वाळूचा मोठा ढीग पडला होता आणि त्यावर पोरं घसरगुंडी खेळत होती. लिंबाखाली मंडळी बसली होती. बिरदेव ढोलाची वादी आवळत होता, आता तो दुसऱ्याच कुणाच्या ओव्यांना वाजवायचा. गेणबा नेहमीसारखा मागच्या बाजूला, घोंगडीवर. म्हाळसा सरळ मधोमध गेली, पत्रावळ मांडली आणि डबा पालथा केला.

"बिरा, उठ. ह्याचं डोळं मोज."

गर्दी झाली. बिरदेवानं चष्मा लावला. मासा पाहिला, काडीनं उलटा केला, पांढऱ्या बाजूवर डोळा शोधला, परत सुलटा केला. मग नखानं एक डोळा टोकरून पाहिला, कुणी डिंकानं तर बसवला नाही ना म्हणून. "अक्का, ह्ये कुठनं पैदा केलंस?"

"दौंडला मिळतंय, टोपलीभर! तुम्हीच आंधळं."

तेवढ्यात गर्दी सारून गेणबा पुढं आला. त्यानं मासा पाहिला आणि त्याचा चेहरा असा फुलला की म्हाळसाला तो पंचवीस वर्षांचा दिसला. तो मांडी घालून माशापुढं बसला. "आलास व्हय बाबा?" तो म्हणाला. "लई उशीर केलास. म्हातारपणी माझंच मला वाटाय लागलं हुतं, की आपन सपान बघितलं का काय."

लोक हसले, पण आता ते हसणं वेगळं होतं. तरी बिरदेव शेवटचा हट्ट सोडीना. "डोळ्याचं मान्य, दाजी. पर वाळूत दिसत न्हाई म्हनला हुता. ह्यो तर चांगला दिसतोय."

"तोंड तिकडं कर," गेणबा म्हणाला.

बिरदेवानं पाठ फिरवली. गेणबानं मासा उचलला, ढिगाच्या कडेला ओल्या वाळूवर निजवला, बोटांनी कडेकडेनं वाळू उडवली, नुसते डोळे उघडे ठेवले. पोरं तोंडावर हात ठेवून उभी राहिली. "हं, आता शोध," गेणबा म्हणाला.

बिरदेव वळला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, वाकला, चष्मा पुसला. "कुठं टाकला? ढिगामागं लपावला न्हवं?" म्हणत दोन पावलं पुढं आला, आणि त्याचा अनवाणी पाय नेमका गार, बुळबुळीत लेप्यावर पडला. "आयाई गं!" म्हणून साठीचा बिरदेव जो उडाला, तो पोरांच्या अंगावर पडला आणि पोरांसकट वाळूत लोळला.

माळावर असा हशा झाला की देवळातला पुजारी आरती टाकून बाहेर आला. बिरदेव वाळू झाडत उठला आणि त्यालाही हसू आवरेना. तो देवापुढं गेला, ओंजळभर भंडारा आणला, गेणबाच्या डोक्यावर उधळला आणि त्याचे पाय धरले. "दाजी, चुकलो. बिरोबाच्या नावानं चांगभलं! आता म्हना. म्या ढोल घेतो."

सगळ्या माळानं चांगभलं केलं. पिवळ्याधमक तोंडानं गेणबा उभा होता. म्हाळसाचा जीव कानात आला. आणि गेणबा म्हणाला, "नगं रं बिरा. दुसरं कुनी तरी म्हना."

म्हाळसाला कळेचना. "आवो, आता काय? गावानं मान्य केलं, भावानं पाय धरलं. आजून काय पायजे तुमास्नी?"

 गेणबा वाळूकडं बघत हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "गावाचं काय घिऊन बसलीस? गाव हसायलाच आसतंय. बिरा हसला, त्येचा राग दुसऱ्या दिशी गेला. पर तू देवापुढं पदर पसरून म्हनलीस, ह्यांचं खोटं पदरात घे. म्या देवळामागं हुतो, समदं ऐकलं. तवापास्नं दर आइतवारी तू उपाशी आन् माझ्याम्होरं ताट. आठवड्यातनं येकदा मला वाढलं जायाचं, की माझी बायकू मला खोटा समजती. ते खाऊन वर गायाचं कसं, तूच सांग."

  बारा वर्षं म्हाळसानं गावाशी भांडण केलं होतं आणि चोर तिच्याच घरात होता. ती आपल्या भुकेनं त्याला वाचवायला बघत होती आणि तो तीच भूक समोर बघून मुका झाला होता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "ह्या देवाम्होरं सांगते, गावाम्होरं सांगते. तुम्हाला थापाड्या म्हनलं की म्या लोकांशी भांडायचे, आन् मनातनं म्याच इस्वास ठिवला न्हाई. भ्याले म्या. तुमचं काय बरंवाईट हुईल म्हनून भ्याले."

गेणबानं तिच्याकडं पाहिलं. 

"आज वार कुठला?" त्यानं विचारलं.

"आइतवार."

"मग जेव."

"आत्ता?"

"आत्ता. हितं. समद्यांदेखत."

साधनानं पळत जाऊन भाकरी आणि वाटीत कालवण आणलं. म्हाळसा वाळूच्या ढिगाच्या कडेला बसली. भर दुपारी, रविवारी, चार गावच्या माणसांपुढं तिनं भाकरीचा तुकडा मोडला.  पहिल्या घासासरशी डोळ्यांतून पाणी खळाखळा उतरलं. गेणबा उभ्यानं तिचं चावणं बघत होता. दुसरा घास तिनं कालवणात बुडवला, तोंडात घातला आणि सवयीनं म्हणाली, "सुनबाई, मीठ कमी पडलंय गं."

गेणबा हसला. सगळे दात दिसतील असा हसला. त्यानं डावा तळहात कानाला लावला आणि बिरदेवाला नुसती मान हलवली. ढोलावर थाप पडली, आणि त्या थापेच्या वर गेणबाचा आवाज चढला, जरासा फाटका, पण तोच. म्हाळसानं तिसरा घास तोंडात घातला होता. तो चावायचं ती विसरून गेली.